देवाचा दिवा आणि जीपची बॅटरी

आमच्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असायचं. दसरा झाला की माय आणि दादा ऊसतोडीला निघायचे, ते परत यायचे उन्हं तापल्यावर, हातापायांवर पाचटानं ओढलेल्या रेघा घेऊन. दादा म्हणजे माझे वडील. नऊ वर्षांची होईपर्यंत मीही त्यांच्यासोबत जायची. फडाच्या कडेला पाचटाची कोपी. तिच्यात वाकूनच शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. उजाडायच्या आत कोयत्यांचा खट् खट् आवाज सुरू व्हायचा आणि मी आदल्या दिवशीची ज्वारीची भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा, असं फडक्यात बांधून त्यांच्या मागं जायची. शंभरापर्यंतचे आकडे मी शाळेत शिकले नाही, उसाच्या मोळ्या मोजत शिकले. कोपीत मायनं देवाचा एक टाक आणलेला असायचा, पण त्याच्यापुढं दिवा लावायची सोय नव्हती. सगळं घरच पाचटाचं, ठिणगी पडली की संपलं. माय नुसते हात जोडायची आणि म्हणायची, "देवा, अंधारातच ऱ्हा बाबा. आमी बी अंधारातच हाव."

नवव्या वर्षानंतर दादांनी मला पोखर्णीच्या अलीकडच्या आमच्या गावात आत्याकडं ठेवलं आणि शाळेत घातलं. स्वतः कारखान्यावर ट्रॅक्टरवाल्यांच्या मागं लागून गाडी चालवायला शिकले. बारा हंगाम कोयता धरलेल्या हाताला स्टेअरिंग हलकंच लागलं असणार. मी दहावीला होते तेव्हा पोखर्णीच्या मुंजाजीरावांनी प्रवासी जीप घेतली आणि ती दादांच्या हाती दिली. आमचं गाव, पोखर्णी, परभणी, आणि परत. त्या वर्षी दसऱ्याला आमच्या घराला पहिल्यांदा कुलूप लागलं नाही. मायचा कोयता गोणपाटात गुंडाळून आढ्याला खोचला गेला. तो विकला मात्र नाही. माय म्हणायची, "असू दे. नशिबाचं काय सांगता येतं?"

मी कॉलेजात गेले ती ह्याच जीपमधून. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. ड्रायव्हरच्या शेजारी पुढं चौघे बसायचे, त्यांच्यातली खिडकीकडची कोपऱ्यातली जागा माझी. गावातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच मुलगी, पण माझ्या जाण्यायेण्याची चर्चा कधी झाली नाही, कारण बापाच्याच गाडीत बसून जाणाऱ्या पोरीबद्दल कोण काय बोलणार? हे मला तेव्हा कळलं नव्हतं. दादांची जीप गेली तर माझं कॉलेजही जाणार, हे मात्र पक्कं माहीत होतं.

परवा माझ्या भाच्याचा फोन आला. नव्या गाडीत त्यानं भला मोठा स्क्रीन बसवून घेतलाय, आणि आता रोज सकाळी गाडी चालू होत नाही. कंपनीवाले म्हणतात बॅटरी बदला, स्क्रीनवाला म्हणतो कंपनीकडं जा. "मावशी, तू फिजिक्सची ना, सांग की काहीतरी." मी त्याला जे सांगायचं ते सांगितलं, फोन ठेवला आणि हसत बसले. इतकी वर्षं गेली, गाड्या बदलल्या, आणि दुखणं तेच. म्हणूनच हे लिहायला घेतलं.

तर त्या काळात आमच्या रस्त्यावर आणखी एक जीप धावायची. तिच्यात टेप होता. माणसं स्टँडवर उभी राहून कान टवकारायची आणि गाणं वाजणाऱ्या गाडीत जाऊन बसायची. दादांची जीप आधी भरायची ती नंतर भरायला लागली. दादांनी मुंजाजीरावांच्या मागं लागून लागून टेप बसवायची परवानगी काढली. परभणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत युनूसभाईंचं दुकान होतं, तिथं जीप नेली. जुना टेप, मागं दोन बॉक्स, ड्रायव्हरच्या सीटखाली आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच दिवशी डॅशबोर्डवर पोखर्णीच्या नरसिंहाचा फोटो स्टीलच्या चौकटीत बसला, आणि त्याच्यापुढं बोराएवढा लाल दिवा. काम संपल्यावर टेप लावला तर गाण्याच्या मागं कुईं असा आवाज. गाडी रेस केली की कुईं वाढायची. युनूसभाई म्हणाले, "मामू, अर्थिंग रंग पे बैठी है." त्यांनी बोल्टाखालचा रंग ब्लेडनं खरवडून उघडा पत्रा काढला, वायर पुन्हा आवळली, कुईं बंद. मी तिथंच उभी होते. इतकं साधं असतं हे, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

पुढचे काही दिवस गाडी ओसंडून वाहिली. माणसं टपावर बसायची. मग एके सकाळी दादांनी सेल मारला आणि इंजिन घर्र… घर्र… करून टक् झालं. गाडी आमच्याच दारात उभी असायची, कारण पहिली फेरी आमच्या गावातून सुटायची. प्रवाशांनी उतरून ढकलली, गाडी लागली, दिवसभर चांगली चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्. मग एक दिवसाआड हेच. आधी माणसं हसायची. किसनबाबा नावाचे म्हातारे रोज पोखर्णीला जायचे, ते म्हणायचे, "आरं, तिकिट बी आमीच देयचं अन् ढकलायचं बी आमीच? मंग तू कशाला हाईस, गाणं म्हणायला?" सगळे हसायचे, दादाही हसायचे. पण चौथ्या-पाचव्या खेपेला माणसं हसेनाशी झाली आणि गुपचूप दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसायला लागली.

मेकॅनिकनं डायनामो बघितला, चांगला होता. बॅटरी संपली असं ठरलं. मुंजाजीरावांनी नवी बॅटरी घातली. आठ दिवसांत नवीही आडवी झाली. त्या दिवशी ते स्वतः मोटारसायकलवर आमच्या दारात आले. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, बोलणं नेहमी हळू. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. उतरले नाहीत, गाडीवर बसूनच बोलले.

"बापूराव, एक इचारू?"

"इचारा की मालक."

"ब्याटरी काढून घरात लावायलास का?"

दादांना काही कळेना. मला मात्र लगेच कळलं. तेव्हा वीज तासनतास जायची, आणि ट्रॅक्टरची नाहीतर जीपची बॅटरी घरात आणून तिच्यावर टीव्ही बघणं, बल्ब लावणं हे गावोगाव चालायचं. मुंजाजीराव माझ्याकडं न बघता म्हणाले, "गावात मानसं म्हणायलेत, बापूरावाची पोरगी लाइट गेल्यावर बी वाचत बसती. उजेड कुठून येतो?"

माय भाकरीचं पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कंदील हाय मालक. काच काळी झालीय, या, दाखवते." तिनं खरंच कंदील आणून त्यांच्यापुढं धरला. ते कंदिलाकडं बघत राहिले. "मी कुठं न्हाई म्हणायलोय, वैनी. पर ब्याटरी काय हवा पेत न्हाई. दसऱ्यापस्तोर नीट झाली तर झाली. न्हाई तर दसऱ्यापसून दुसरा मानूस बगतो."

चोर म्हणाले असते तर दादा भांडले असते. पण त्यांनी तसं म्हटलंच नाही, त्यामुळं भांडायलाही जागा उरली नाही. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. उडदाचं घुटं केलं होतं, ते तसंच राहिलं. दोन दिवसांनी ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या जमवणारा मुकादम दारावरून जाताना सहज विचारल्यासारखं विचारून गेला, "बापूराव, औंदा जोडी धरायची का मंग?" गावात बातमी किती लवकर फिरते ते बघा. मायनं वर आढ्याकडं बघितलं. मीही बघितलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात आमचं प्रॅक्टिकल होतं. अमीटर नेहमी ओळीत जोडायचा, म्हणजे जाणारा सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो, हे मॅडम तिसऱ्यांदा सांगत होत्या. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. जीपमधलं सगळं बंद आहे असं आपण म्हणतो, पण ते खरंच बंद आहे का, हे कुणी बघितलंय? बॅटरी आणि गाडी यांच्या मध्ये काहीतरी बसवून बघायला हवं. अमीटर घरी नेता येणार नव्हता. पण बल्बही तेच सांगेल की. वीज जात असेल तर पेटेल, जात नसेल तर नाही.

हे दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, मेकॅनिकाला न्हाई कळलं ते तुला कळतंय व्हय?" रागानं नाही, थकून. तरी त्यांनी इंडिकेटरचा एक जुना बल्ब होल्डरसकट मला आणून दिला. मी त्याला दोन वायरी जोडून ठेवल्या. पण दिवसा गाडी उभी मिळेना, आणि रात्री थकून आलेले दादा बॉनेट उघडायला तयार होईनात. दादा उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत फेऱ्या मारत होते, कमी माणसं घेऊन, जास्त फेऱ्या.

गाडी उभी मिळाली ती खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं, अवजारं, गाड्या यांची पूजा असते आणि गाडी हलवत नाहीत. दादांनी जीप धुतली, झेंडूची माळ बांधली, पुढं पाने आणि जॅक मांडले. मायनं आढ्याचा कोयता काढला, पुसला आणि पान्यांच्या शेजारी ठेवला. तो दर वर्षी ठेवायची. नवरात्राचा नववा दिवस, घरात देवापुढं नंदादीप नऊ दिवस तेवत होता. पुरणाचा वास सुटला होता. आमची भुरी मांजर नेहमीप्रमाणं जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली झोपलेली. माय महिनाभर म्हणत होती, "चुलीपाशी निजायची ती आता गाडीत निजायलीय. मांजराला बी ड्रायव्हरकी पाहिजे."

मुंजाजीराव नारळ घेऊन आले. पूजा केली, गंध लावलं, आणि नारळ हातात तसाच ठेवून म्हणाले, "उद्या सकाळी गाडी माझ्या दारात आणून लाव, बापूराव. मानूस ठरलाय."

दादांच्या आधी मी बोलले. माझा आवाज चिरकला होता हे अजून आठवतं. "काका, एक तास द्या मला. फक्त एक तास."

"कशाला?"

"ब्याटरी कोण पेतंय ते दाखवते."

ते हसले. "पूजा झाल्यावर गाडीला पाना लावायचा नसतो, पोरी."

"पाना पूजेतच हाय की. देवानं बगितलाय तेला," माय म्हणाली. मुंजाजीराव खाटेवर बसले. ही त्यांची परवानगी असावी असं मी धरून चालले.

दादांनी बॉनेट उघडलं. मी त्यांना बॅटरीच्या काळ्या वायरचा क्लँप काढायला सांगितला, आणि तो क्लँप व बॅटरी यांच्या मध्ये माझा बल्ब जोडला. किल्ली खिशात, टेप बंद, दिवे बंद. भर उन्हात काही दिसेना. दादांनी खांद्यावरचा टावेल बल्बवर धरला आणि आम्ही दोघांनी त्याच्याखाली डोकी घातली. बल्ब पेटला होता. मंद, लालसर, विस्तवाच्या निखाऱ्यासारखा, पण पेटला होता.

"काका, या, बगा."

एवढा धिप्पाड माणूस टावेलाखाली वाकला. बराच वेळ बघत होता. "म्हंजे?"

"म्हंजे सगळं बंद हाय आन् तरी कुनीतरी पेयलंय. गाडीतच. घरात न्हाई."

मग मी एकेक फ्यूज काढायला लावला. हेडलाइटचा काढला, बल्ब तसाच. हॉर्नचा, तसाच. सगळे फ्यूज काढून झाले, दादांच्या तळहातावर पडले, आणि बल्ब तसाच जळत राहिला. माझ्या हिशेबानं ह्यातल्या एका फ्यूजला तो विझायला हवा होता. मुंजाजीराव सरळ उभे राहिले आणि टोपी नीट केली. "झालं का?" असं त्यांनी विचारलं, तेही हळूच.

तेवढ्यात गलक्यानं भुरी सीटखालून बाहेर आली, आळस दिला आणि दोन पावलं जाऊन पुन्हा आत गेली. मी तिच्याकडं बघत राहिले. उन्हातली मोकळी ओसरी सोडून हिला ते लोखंड कशाला गोड लागतं? मी सीटखाली हात घातला. मांजर एका बाजूला सारली. अ‍ॅम्प्लिफायरची पेटी गरम होती. मांजराच्या अंगानं तापावी एवढीच नव्हे, भाकरी उतरल्यावर निवत आलेला तवा असतो तशी. आदल्या रात्रीपासून गाडी बंद होती.

"दादा, हे झोपलंच न्हाई. हे जागंच हाय."

आता एकच वायर शोधायची होती. अशा पेटीला वीज जाड वायरनं थेट बॅटरीवरून येते, शिवाय एक बारीक वायर असते. टेप चालू झाला की ती पेटीला उठवते, बंद झाला की झोपवते. मी सीटखालून ती वायर बोटांनी धरून पुढं पुढं गेले. ती टेपाकडं गेलीच नाही. डॅशबोर्डच्या आतून वर गेली आणि नरसिंहाच्या फोटोमागं, लाल दिव्याच्या आणि बॅटरीकडून आलेल्या वायरीसोबत एकाच पिळात जोडलेली निघाली. आणि बॅटरीकडची ती वायर फ्यूजांना चुकवून सरळ आली होती. दिवा चोवीस तास चालू, पण बोराएवढा म्हणून त्याला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. म्हणून पेटीही चोवीस तास जागी.

मी पीळ सोडवायला हात घातला आणि दादांनी माझं मनगट धरलं.

"आज नको."

"दादा, हेच हाय ते."

"नवरात्र हाय बाई. नववा दिवस. देवाचा दिवा आपल्या हातानं इझवायचा?"

मी मुंजाजीरावांकडं बघितलं. तेही नरसिंहाचे भक्त, दर शनिवारी अनवाणी जाणारे. त्यांनी मान दुसरीकडं वळवली. झेंडूच्या माळेवर माशा घोंगावत होत्या. उद्या सकाळी गाडी दुसऱ्याच्या दारात जाणार, मुकादम परवा येणार, आणि मी एका बोराएवढ्या दिव्यापाशी अडले होते.

माय पदराला हात पुसत पुढं आली. "घरात नंदादीप जळायलाय ना? मंग? देव काय दोन हायेत का? काढ ग मथुरा. त्याला अंधाराची सवय हाय, माझ्यासंगं बारा वर्सं कोपीत ऱ्हायलाय तो."

दादांनी मनगट सोडलं. मी पीळ उलगडला. लाल दिवा विझला. टावेलाखाली बघायला मुंजाजीरावच गेले, आम्ही कुणी नाही.

"इझला," ते आतूनच म्हणाले.

मी वायर टेकवली. "पेटला." काढली. "इझला." तीन वेळा असं झालं. मग ते बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "दिवा असा सरळ जोडायला कुनी सांगितलं?"

मी तोंड उघडलं होतं. युनूसभाईंचं नाव माझ्या जिभेवर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. जोडणी त्यांचीच होती. पण दादा आधी बोलले.

"मी. युनूसभाईला मीच म्हणलो, गाडी बंद असली तरी देवाचा दिवा इझू देऊ नका. तेनं सांगितल्यावानी केलं. कोपीत दिवा लावता येत न्हवता मालक, पाचट पेटंल म्हून. गाडी भेटली तवा वाटलं, आता एक दिवा असा लावावा की इझूच नये. चूक माझी हाय. ब्याटरी मी घरात नेली न्हाई, पर मारली मीच."

मुंजाजीरावांनी पूजेकडं बघितलं. पान्यांशेजारी कोयता होता, हळदीकुंकू लावलेला. तो कोयता तिथं का आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी हातातला नारळ दादांना दिला. "फोड. अन् उद्या सहाला गाडी लाव, दसऱ्याची गर्दी ऱ्हाईल." मोटारसायकलला किक मारताना माझ्याकडं बघून म्हणाले, "कंदिलाची काच बदल, पोरी. डोळे जातील." त्यांनी माफी मागितली नाही, आणि मी पुढं कधी त्याची वाट बघितली नाही. आमच्याकडं मोठी माणसं माफी अशीच मागायची, कंदिलाच्या काचेबद्दल बोलून.

दसऱ्यानंतर आम्ही युनूसभाईंकडं गेलो. मी सगळं सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे बाप रे! पुराने टेप में वो वायरच नै थी बेटी. जो जिंदा वायर पास में दिखी, उसी को पकड लिया मैं." त्यांनी पेटीची वायर टेपाच्या बटणावर घेतली, दिव्याची किल्लीवर, आणि दोन्ही वायरींवर एकेक फ्यूज घातला. मला जवळ बोलावून प्रत्येक जोड दाखवला. दादांना दिवा आता विझतो याचं वाईट वाटत होतं. पण पहिल्या सकाळी त्यांनी किल्ली फिरवली आणि सेल मारायच्या आधी नरसिंहापुढं लाल उजेड पडला, तेव्हा ते मला म्हणाले, "हे बरं हाय. आदी देव उठतो, मंग गाडी." किसनबाबा मागून ओरडले, "अन् आमाला ढकलायचं काम ऱ्हायलं न्हाई, आता तरी तिकिट कमी कर."

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की गाडी बंद झाल्यावर तासाभरानं त्या स्क्रीनच्या मागं हात लावून बघ. त्याचा संध्याकाळी फोन आला, गरम होता म्हणाला.

मुकादम त्या वर्षी पुन्हा आमच्या दारात आला नाही. दादांनी ती जीप आणखी अकरा वर्षं चालवली. मायचा कोयता दर खंडेनवमीला पूजेला निघाला आणि संध्याकाळी आढ्याला परत गेला. त्याला पुन्हा ऊस लागला नाही. मी त्याच जीपच्या कोपऱ्यातल्या जागेवर बसून तीन वर्षं परभणीला गेले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.